भाताला गोड, टोमॅटोला जहर

जुलैत कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागा. म्हारळ, कांबा, रायते मागे पडलं की दोन्ही अंगांना भाताची खाचरं दिसू लागतात. घोटाभर चिखल, वर बोटभर पाणी आणि त्यात नुकतीच लावलेली पोपटी रोपं. या चिखलातलं पिकाला मिळणारं नत्र जवळजवळ सगळं अमोनियमच्या रूपात असतं. भात ते आवडीने खातो. पण दुसरं कुठलंही नत्र न देता हेच अमोनियम टोमॅटोच्या किंवा जवाच्या मुळांना पाजत राहिलं, तर पानं पिवळी पडतात, मुळं आखूड राहतात आणि रोप जागच्या जागी बसतं. एकाचं अन्न ते दुसऱ्याचं विष. आणि या भांडणात मध्यस्थी करतं ते पोटॅश ऊर्फ पालाश, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश या तिघांतलं आपल्याकडे सगळ्यात कमी खपणारं खत.

ठाणे जिल्ह्याच्या खाचरांत, तबेल्यांत, उल्हास नदीत आणि डोंबिवलीच्या गच्चीवरच्या कुंड्यांत या जोडीच्या करामती रोज चालू असतात. त्यातल्या या काही.

चिखलणीनंतर चोवीस तासांत

खाचरात पाणी भरून चिखलणी केली की मातीतला प्राणवायू साधारण एका दिवसात संपतो. मातीतले जिवाणू तो वापरून टाकतात. अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतोच, त्यामुळे त्यांचं काम थांबतं. आधीचं जे नायट्रेट शिल्लक असतं, त्याचा वायू होऊन ते हवेत निघून जातं. राहतं ते अमोनियम. म्हणूनच पाणी भरलेल्या खाचरात नायट्रेटचं खत टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. भाताची जात हजारो वर्षं याच चिखलात वाढली, आणि मिळेल ते खायला शिकली.

भाताच्या पंगतीला आणखी कोण बसतं? कांदा, ब्लूबेरी, सूचिपर्णी झाडं. आणि अमोनियमने कोण हैराण होतं? टोमॅटो, बटाटा, वाटाणा, घेवडा, मोहरी, स्ट्रॉबेरी, लिंबूवर्गीय झाडं आणि दसऱ्याला कल्याणच्या फूलबाजारात ज्याचे ढीग लागतात तो झेंडूसुद्धा.

डार्विनही यात होते

उत्क्रांतीवाले चार्ल्स डार्विन आयुष्याच्या शेवटी मुळांकडे वळले होते. अमोनियाच्या कार्बोनेटचं द्रावण मुळांना दिल्यावर पेशींच्या आत काय होतं, हे ते सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास पाहत बसायचे. त्या निरीक्षणांचा निबंध १८८२ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते गेले. अमोनियम वनस्पतीला नेमकं कसं छळतं, याचं एक पटण्याजोगं उत्तर मिळायला मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली.

एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर

ते उत्तर २००१ साली कॅनडातल्या हर्बर्ट क्रोनझुकर आणि डेव्ह ब्रिटो यांच्या गटाने मांडलं. त्यांनी जव आणि भात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बाहेर अमोनियम खूप असलं की जवाच्या मुळांना त्याला दारात अडवता येत नाही. ते आत घुसतं, साचतं, आणि पेशी ते पंपाने बाहेर फेकू लागते. आत आलेल्यापैकी ८० टक्क्यांपर्यंत अमोनियम असं परत बाहेर जातं! आणि बाहेर गेलेलं पुन्हा आत येतं.

२६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूर-कल्याणकडच्या तळमजल्यावरच्या लोकांनी जे केलं तेच हे: पुढच्या दाराने नदी घरात येतेय आणि मागच्या दाराने बादल्या रिकाम्या होताहेत. पेशीचा हा पंप फुकट चालत नाही. मुळांचा श्वास वाढतो, साठवलेली साखर जळते आणि वाढीसाठी काही उरत नाही. त्यांच्या मते विषबाधा होते ती या दमणुकीची. भाताची मुळं अमोनियम आत येण्यावर बराच ताबा ठेवतात, म्हणून त्यांना हा खर्च फारसा पडत नाही.

वेष सारखाच

पोटॅशियमचा आयन आणि अमोनियमचा आयन, दोघांवर एकेक धन विद्युतभार. आकारातला फरक मिलिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास. मुळांवरच्या काही वाटा पोटॅशियमसाठी म्हणून असतात, पण अमोनियम त्यातून सहज सरकतं. मातीलाही हे दोघे नीट ओळखू येत नाहीत. काही चिकणमातींच्या थरांमध्ये पोटॅशियम अडकून बसायच्या जागा असतात, तिथे अमोनियमही तसंच जाऊन बसतं.

परिणाम असा, की अमोनियम वाढलं की पिकाच्या अंगातलं पोटॅशियम घटतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही घटतं. उलट बाजूने पाहिलं तर इलाजही इथेच सापडतो. पोटॅशियम भरपूर असेल तर ते अमोनियमला दारातच थोपवतं.

दहा मिनिटांची शर्यत

हे भातावर तपासायला क्रोनझुकर यांच्या गटाने टोरांटोत नायट्रोजन-१३ वापरला. हा किरणोत्सारी नायट्रोजन दर दहा मिनिटांनी निम्मा होतो. तासाभरात त्याचा चौसष्टावा हिस्सा उरतो! म्हणजे तो तयार झाला की प्रयोगशाळेत धावत आणायचा, मुळांना पाजायचा, मोजायचा, आणि हे सगळं तो विझायच्या आत. जात निवडली होती आयआर-७२, फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची.

२०१० साली त्यांनी निकाल छापले. पोटॅशियम वाढवल्यावर काही मिनिटांतच अमोनियमची घुसखोरी कमी झाली. मुळांत आणि पानांत मोकळं फिरणारं अमोनियम ५० ते ७५ टक्क्यांनी उतरलं. आणि अमोनियम तेवढंच ठेवून पोटॅशियमची उपासमार केलेल्या रोपांपेक्षा भरपूर पोटॅशियम मिळालेली रोपं २२० टक्के जास्त वाढली. हा भात होता, अमोनियम पचवण्यात मुरलेला. त्यालाही पालाशाविना अमोनियम पुरतं सोसत नाही, ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. आपल्याकडे युरियाचं पोतं आधी आणि पोटॅश जमलं तर, असा क्रम असतो. तो क्रम भातालाही महाग पडतो.

राब: तीच युक्ती, पण जुनी

आता मुरबाड-शहापूरकडच्या एप्रिल-मेमधल्या, शेताच्या कोपऱ्यातल्या राबाच्या वाफ्याकडे या. खाली शेणाचा किंवा गोवऱ्यांच्या चुऱ्याचा थर. त्यावर झाडांचा तोडलेला टहाळ, म्हणजे ऐनाच्या वगैरे वाळक्या फांद्या. त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यांवर चाळल्यासारखी बारीक माती, म्हणजे ज्वाळा उसळत नाहीत आणि राब धुमसत राहतो. वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवतात. दुसऱ्या दिवशी वाफ्यावर राखाडी-काळी साय असते, आणि पहिल्या पावसानंतर त्याच जागी भाताचं बी पडतं. राबावरचं रोप शेजारच्या न भाजलेल्या वाफ्यातल्या रोपापेक्षा काळपट हिरवं आणि जोमदार निघतं, हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

या राबावरून इंग्रज सरकार आणि ठाण्याचे शेतकरी यांच्यात मोठा झगडा झाला. जंगल खात्याने टहाळ तोडायला बंदी घालायला सुरुवात केली आणि ठाणे-कुलाब्यात ओरड झाली. १८८५ साली मुंबई वन आयोग बसला. त्याच्यापुढच्या तक्रारींत राबाचा टहाळ हा ठळक विषय होता. भारतीय शेतीची पाहणी करायला आलेल्या व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. आणि १९१२ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासोबत पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर एक सबंध शास्त्रीय प्रबंधिका लिहिली. प्रश्न सरळ होता: राबाचा गुण राखेत आहे की भाजण्यात?

आजचं मृदाशास्त्र सांगतं ते ऐकून मी तरी चाट पडलो. माती तापली की तिच्यातल्या सेंद्रिय पदार्थातून अमोनियम सुटतं. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू उष्णतेने मरतात आणि त्यांना पुन्हा बस्तान बसवायला वेळ लागतो. म्हणजे राबाच्या वाफ्यात काही आठवडे अमोनियमची चंगळ असते, जे भाताला हवंच आहे. आणि वरच्या राखेत असतं पोटॅश, जे त्या अमोनियमला लगाम घालतं. टोरांटोत किरणोत्सारी नायट्रोजनने जी जोडी तपासली, ती शहापूरच्या वाफ्यात पिढ्यान् पिढ्या एकत्र येत होती.

राब चालूच ठेवा, असं मात्र मी म्हणणार नाही. एका वाफ्यासाठी झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटाव्या लागतात, शेण जळतं, नत्राचा आणि कर्बाचा मोठा वाटा धुरात जातो. गुण राखायचा आणि आग टाळायची, अशी वाट हवी. ती वाट एका मराठी शास्त्रज्ञाने दाखवली आहे.

चार सूत्रं, एक गोळी

डॉ. ना. के. सावंत अमेरिकेत अलाबामातल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात युरियाच्या मोठ्या गोळ्या भाताच्या चिखलात खोल पुरण्यावर संशोधन करत होते. तो अनुभव घेऊन त्यांनी इथल्या लहान शेतकऱ्यासाठी ‘चारसूत्री भातशेती’ बसवली.

पहिलं सूत्र: भाताचे अवशेष भाताला परत. रोपवाटिकेत तुसाची राख मिसळायची आणि शेतात पेंढा गाडायचा. तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका, सोबत थोडं पालाश, आणि पेंढ्यात भरपूर पालाश. सिलिकाने रोप कणखर होतं, करपा आणि खोडकिडा यांना तोंड देतं. दुसरं: चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला, गुंठ्याला ३० किलो. बांधावर लावलं की फुकट. तिसरं: नियंत्रित लावणी, आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर ठेवून, चुडात दोन-तीनच रोपं. चौथं: चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट, ७ ते १० सेंटिमीटर खोल. गुंठ्याला ६२५ गोळ्या लागतात.

ती खोचताना पाहिलं की सगळं लक्षात येतं. उशीसारखी चपटी गोळी चिमटीत धरायची, चार चुडांमधला चिखल बोटांनी दाबत खाली जायचं, गोळी सोडायची आणि हात काढताना भोक चिखलाने बुजवायचं. बस्स, हंगामभर वरून युरिया फेकायचं काम नाही. गोळी खोल असल्याने अमोनियम तिथेच मातीला धरून राहतं आणि मुळं हवं तेवढं, हवं तेव्हा तिकडे जातात. वरून फेकण्याच्या शिफारशीत हेक्टरी १०० किलो नत्र लागतं. इथे सुमारे ६० किलोत भागतं.

युरिया-डीएपीच्या गोळीत पालाश नसतं, ते पेंढ्यातून आणि राखेतून येतं. ज्यांचा पेंढा विकला जातो त्यांच्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अन्नपूर्णा ब्रिकेट’ काढली. तिच्यात नत्र, स्फुरद आणि पालाश ३४:१४:६ या प्रमाणात असतं. बदलापूरच्या पुढे रेल्वेने कर्जतला उतरलात तर याच विद्यापीठाचं भात संशोधनाचं केंद्र आहे. आपल्या हळव्या, निमगरव्या, गरव्या खाचरांतल्या ‘कर्जत’ नावाच्या जाती तिथल्याच.

दुपारी दोनचा चोर

युरिया वरून फेकला तर तो जातो कुठे? खाचराच्या पाण्यात शेवाळ असतं. ऊन चढलं की ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं, पाण्याचा सामू (pH) चढत जातो आणि दुपारी तो ९ च्या वर जाऊ शकतो. सामू ७ असताना अमोनियममधला फक्त अर्धा टक्का अमोनिया वायूच्या रूपात असतो. सामू ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त! म्हणजे भर दुपारी शेतावरून खताचं पोतं हवेत उडत असतं, आणि कुणाला दिसत नाही.

तलावांत मासे मरण्यामागेही कधी कधी हेच गणित असतं. सांडपाण्याने अमोनियम वाढलेलं आणि शेवाळाने पाणी हिरवंगार झालेलं असेल, तर दुपारी अमोनियाचं विष चढतं. मसुंदा, कचराळी, उपवन अशा तळ्यांच्या ठाणे शहरात प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं हे आहे.

पेंढा विकला, पोतं विकलं

भाताने जमिनीतून उचललेल्या पोटॅशियमपैकी दाण्यात जातं ते थोडं. साधारण ८० टक्के पेंढ्यात राहतं. एक टन पेंढ्यात १२ ते १७ किलो पोटॅशियम असतं. हिशेब केला तर ते २४ ते ३४ किलो म्युरेट ऑफ पोटॅश झालं, म्हणजे ५० किलोच्या पोत्याचा अर्धा-पाऊण भाग. पेंढ्याचे भारे टेम्पोत चढले की त्यांच्यासोबत हे खतही गावाबाहेर जातं.

जातं कुठे? बरंचसं शहरांच्या आसपासच्या म्हशींच्या तबेल्यांत. आणि गुरांच्या पोटातून पोटॅशियम बाहेर पडतं ते मुख्यतः मुतातून, शेणातून कमी. शेण विकलं जातं, मूत गटारात. शहापूरच्या खाचरातलं पालाश असं शहरात येतं आणि नाल्याने ठाण्याच्या खाडीला मिळतं. पूर्वी गोठ्यात पातेरा अंथरायचे, तो मुताने भिजला की उकिरड्यात आणि तिथून शेतात. त्या पातेऱ्यात नत्र आणि पालाश दोन्ही अडकलेली असायची. गोठ्यातला पातेरा गेला आणि त्याजागी फरशी आली, तेव्हा किती खत वाहून जाऊ लागलं, याचा विचार कुणी केला नाही.

आणखी एक: पोटॅशियम पिकाच्या अंगात कुठल्याच सेंद्रिय रेणूचा भाग होत नाही, ते नुसतं पेशीरसात विरघळलेलं असतं. त्यामुळे पावसात भिजलेल्या पेंढ्यातून ते भराभरा धुपतं. परतीच्या पावसात उघड्यावर भिजलेली उडवी गुरांना बेचव लागतेच, खत म्हणूनही हलकी होते.

पान वाचा

पोटॅशियमची उणीव जुन्या पानांवर आधी दिसते, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. भाताचं खालचं पान टोकाकडून आणि कडांनी पिवळट-तपकिरी होतं, मध्ये हिरवं राहतं. नत्र कमी असेल तर सबंध पान एकसारखं फिकटतं. केळीत, भेंडीत कडा जळाल्यासारख्या दिसल्या की लोक पाणी वाढवतात. आधी पालाश तपासा. पानावरची रंध्रं उघडायची तर त्यांच्या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरावं लागतं. पालाश कमी असेल तर झाडाला पाणी नीट राखताच येत नाही. भात कापल्यावर नुसत्या ओलीवर येणाऱ्या वालाला आणि हरभऱ्याला तर हे फारच लागतं.

हिरवळीवरचं पिवळं वर्तुळ

सोसायटीच्या हिरवळीवर हातभर रुंदीचा पिवळा, जळका गोल आणि त्याभोवती आजूबाजूपेक्षा जास्त गडद हिरवी कड पाहिली आहे? ते कुत्र्याच्या मुताचं काम. मधोमध युरिया आणि क्षार इतके की गवत करपलं. कडेला तेच विरळ होऊन पोचलं, तिथे खत झालं. विष आणि अन्न यांतलं अंतर वीतभर! लगेच तांब्याभर पाणी ओतलं तर डाग पडत नाही.

डोंबिवलीची गच्ची

कुंडीत चमचाभर युरिया टाकणं हा रोप मारायचा खात्रीचा उपाय आहे. मातीतलं युरियेज नावाचं विकर त्याचं काही दिवसांत अमोनियम करतं, आणि एवढ्याशा मातीत ते पसरायला जागा नसते. (याच विकराचे स्फटिक जेम्स समनर यांनी १९२६ साली मिळवले, आपल्या अबईच्या कुळातल्या जॅक बीनच्या दाण्यांतून. विकरं ही प्रथिनं असतात हे त्यातून सिद्ध झालं आणि १९४६ साली त्यांना नोबेल मिळालं.)

ताजं शेण, अर्धकच्चं कंपोस्ट, न कुजलेली पेंड यांचाही तोच धोका. परीक्षा सोपी आहे: ड्रमचं झाकण उघडल्यावर नाकाला झोंबलं तर खत तयार नाही. सुकी पानं घाला, ढवळा, हवा खेळू द्या, थांबा. झोंबणारा वास जाऊन पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की जिवाणूंनी काम पुरं केलं. टोमॅटो, मिरची, झेंडू असं मुरलेलं खत मागतात.

केळीच्या सालीत पोटॅशियम आहे, पण ताजी साल बहुतेक पाणीच असते. दोन सालींनी कुंडीचं भागत नाही. कोकोपीटची गोष्ट उलटी. नारळाच्या काथ्यात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम भरपूर असतं. म्हणून ते वापरण्याआधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं.

चुलीची किंवा लाकडाची राख चांगली, चिमूटभर. मात्र राख आणि युरिया, किंवा राख आणि ताजं शेण, एका वेळी टाकू नका. राखेने सामू चढतो आणि अमोनिया उडून जातो, नाकासमोरून.

उल्हासचा हिरवा गालिचा

मोहने बंधाऱ्याच्या अंगाला उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी सगळ्या कल्याणकरांना ठाऊक आहे. सांडपाण्यातलं नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात येतं, आणि जलपर्णी ते गटागटा पिते. सोबत पोटॅशियमही इतकं उचलते की तिची राख पोटॅशचा चांगला साठा ठरते. मग काढा आणि घाला शेतात? थांबा. ती जड धातूही तितक्याच तत्परतेने शोषते. कारखान्यांचं पाणी मिळणाऱ्या पट्ट्यातली जलपर्णी तपासल्याशिवाय भाजीच्या वाफ्यात घालू नये. ज्या गावतळ्यात फक्त घरगुती पाणी येतं, तिथली जलपर्णी मात्र कुजवून वापरण्याजोगी आहे.

खाडीकाठी तिसरा भिडू

ठाणे-भिवंडीच्या खाडीकाठी खार जमिनीत सोडियम येतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सोडियम जवळपास ११ ग्रॅम, पोटॅशियम अर्ध्या ग्रॅमहून कमी. पोटॅशियमच्या जागेवर आता सोडियम डोळा ठेवून. बंगालच्या खाऱ्या पट्ट्यातल्या नोना बोक्रा या भातात त्यावर तोड सापडली. २००५ साली शोधलेलं त्याचं एक जनुक वर चढणारं सोडियम वाटेतच मागे खेचतं आणि पानांत पोटॅशियम टिकवतं. आपल्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ या खारं सोसणाऱ्या जाती दिल्या.

उभ्या उभ्या

पोटॅशियम धातू म्हणून पहिल्यांदा वेगळं केलं हंफ्री डेव्ही यांनी, १८०७ साली, वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडून. ते पाण्यात पडलं की जांभळट ज्योतीने पेटतं.

पोटॅशियमचा अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो, त्यामुळे भेंडी, शहाळं, केळं आणि आपण स्वतः, सगळेच नावापुरते किरणोत्सारी आहोत. घाबरायचं काही कारण नाही.

जगात सगळ्यात जास्त पोटॅश निघतं कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, सुमारे एक किलोमीटर खोल खाणींतून. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं ते मीठ आहे. भारतात पोटॅशच्या चालू खाणी नाहीत, म्युरेट ऑफ पोटॅश बाहेरूनच येतं. देशी पर्याय उसाच्या मळीतून मिळतो: आसवन्यांच्या सांडपाण्याच्या राखेपासून केलेल्या खतात किमान १४.५ टक्के पालाश असावं लागतं. साखरेच्या महाराष्ट्राने यात पुढे असायला हवं.

युरिया मात्र बराचसा घरचाच. आरसीएफचा तुर्भे-ट्रॉम्बेचा कारखाना १९६५ च्या सुमाराचा, अलिबागजवळ थळचा १९८५ चा. ‘उज्ज्वला’ आणि ‘सुफला’ ही नावं इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी पक्की बसली आहेत. सुफला १५:१५:१५ मध्ये पालाश आहे, उज्ज्वला युरियात नाही, एवढा फरक दुकानात उभं राहून लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

गुंठ्याचा हिशेब

कोकणात भाताला हेक्टरी १००:५०:५० अशी शिफारस आहे. पालाशाचा आकडा गुंठ्यावर आणला तर साधारण ८४० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश होतं. एवढंसंच. पेंढा शेतातच राहत असेल तर त्यातही काटकसर करता येते. सगळा पेंढा विकत असाल तर अजिबात नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासून मिळतात, त्यात उपलब्ध पालाशाची ओळ असते. मे महिन्यात, पेरणीच्या आधी, मातीचा नमुना द्या आणि ती ओळ वाचल्याशिवाय यंदा युरियाचं दुसरं पोतं उचलू नका.